ऑपरेशन अम्मीचं, निर्णयही अम्मीचाच

"अम्मीला यातलं काही सांगू नका." कॅन्सरचा रिपोर्ट घरात आला की आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते आणि धास्तीही असते. मग सौदीतल्या भावाला सगळं माहीत होतं, शेजारच्या खालाला माहीत होतं, मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्यालाही माहीत होतं. जिच्या तोंडावर सुरी चालायची आहे तिला मात्र 'जरा गाठ आहे, काढून टाकू' एवढंच सांगितलेलं असतं. रुग्ण अब्बा असले तरी चित्र फारसं वेगळं नसतं.

पहिल्या खेपेला हे कसंबसं निभावून जातं. गाठ काढायची, टाके घालायचे, घरी यायचं. तोंडाचा कॅन्सर उलटला की मात्र निभावत नाही. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये काय जाणार आणि काय उरणार हा हिशोब फार वेगळा असतो. बोलणं, गिळणं, चेहरा, पुढचे कित्येक महिने, सगळंच त्यात येतं. हा हिशोब दुसऱ्या कुणी करून चालत नाही, मग तो कितीही शिकलेला मुलगा असो. माझं म्हणणं एवढंच आहे: दुसरं ऑपरेशन करायचं की नाही हे ज्याचं तोंड आहे त्याने ठरवावं. आपलं काम खरी माहिती त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोचवण्याचं, आणि त्याने एकदा ठरवलं की ते पार पाडण्याचं.

हे मी घरच्या अनुभवावरून लिहितो आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अम्मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय ६८. लग्नाच्या आधीपासून सकाळ-संध्याकाळ मिश्री. तीन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, नंतर तीस वेळा रेडिएशन झालं. दीड वर्ष बरं गेलं. मग त्याच बाजूला, खालच्या हिरडीपाशी, पुन्हा फोड आला आणि तो भरेना.

उलटतो म्हणजे काय होतं

तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण जगात सर्वाधिक ज्या देशांत सापडतात त्यांत भारत अगदी वर आहे. जगातल्या एकूण रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्या देशात आहेत. कारण गुपित नाही: तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री आणि सुपारी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती दाताला लावली म्हणून मंजन होत नाही. सुपारीबद्दल अजूनही पुष्कळांना वाटतं की ती निरुपद्रवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

वर्षानुवर्षं तंबाखू लावलेल्या तोंडात एकच जागा बिघडलेली नसते. आतलं सगळं अस्तरच कमीजास्त दुखावलेलं असतं. म्हणून एक गाठ पूर्ण काढली तरी शेजारी दुसरी उगवू शकते. कधी जुन्याच जागी उरलेल्या सूक्ष्म पेशी डोकं वर काढतात, कधी मानेतल्या गाठींत उतरतात. परत येणारा आजार बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत येतो. त्यामुळे त्या काळात डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तपासणी चुकवायची नसते, मग घरात लग्न असो की रोजे चालू असोत.

मानेचा विषय निघाला की घरातले वैतागतात. "गाठ गालात आहे, तर मान कशाला कापतात?" याचं उत्तर मुंबईच्याच टाटा मेमोरियल हॉस्पिटलने जगाला दिलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. गालाच्या किंवा जिभेच्या ऑपरेशनसोबतच मानेतल्या गाठी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. मानेत आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. असा एक आकडा नीट समजावून सांगितला तर घरातला अर्धा वाद मिटतो. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो', 'हवा लागली की वाढतो' या गोष्टीही आपल्याकडे घट्ट बसल्या आहेत. बायोप्सी केल्याशिवाय डॉक्टरला इलाजच ठरवता येत नाही. सुईच्या भीतीने घालवलेल्या दोन महिन्यांत आजार मात्र खरोखर पसरतो.

दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं

आजार पूर्ण काढता येण्यासारखा असेल तर उलटलेल्या कॅन्सरमध्येही ऑपरेशन हाच बरं होण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो. पण ते अवघड असतं. एकदा रेडिएशन झालेली कातडी आणि स्नायू कडक होतात, त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, टाके लवकर भरत नाहीत. आधीच्या ऑपरेशनमुळे आतली रचना बदललेली असते. जबड्याचा तुकडा काढावा लागू शकतो. मग ती पोकळी भरायला छातीचा स्नायू वळवून आणतात, किंवा मांडीचा, हाताचा, पायातल्या बारीक हाडाचा भाग रक्तवाहिनीसकट काढून तोंडात बसवतात. त्या जोडलेल्या रक्तवाहिनीवर पहिले दोन-तीन दिवस तासातासाने लक्ष ठेवतात. त्यात अडथळा आला तर पुन्हा थिएटरमध्ये नेण्याची वेळ येऊ शकते.

गळ्याला श्वासासाठी भोक पाडतात, ते बहुतेकदा तात्पुरतं असतं. तोवर रुग्णाला आवाज नसतो. नाकातून पोटात नळी असते आणि जेवण त्यातूनच जातं. तोंडाने खायला सुरुवात कधी होईल, होईल का, हे गाठ कुठे होती आणि किती काढावं लागलं यावर ठरतं. तोंड कमी उघडतं, उच्चार बदलतात, ओठाच्या कडेतून पाणी सांडतं. हे सगळं ऐकायला जड आहे, म्हणूनच ते आधी ऐकलेलं बरं. शुद्धीवर आल्यावर गळ्यात नळी सापडणं आणि 'ही नळी असणार, आठवड्याभरात निघेल' हे आधीच माहीत असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वयाबद्दलही बोलायला हवं. "या वयात कशाला त्रास देता?" हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. डॉक्टर नुसतं वय बघत नाहीत. साखर किती, रक्तदाब किती, हृदय कसं, वजन किती उतरलं, जिना चढता येतो का, हे बघतात. ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे मिळाले तर ते फार कामाचे असतात. तंबाखू-मिश्री पूर्ण बंद, अंडी-दूध-डाळ वाढवून अंगात ताकद आणणं, रोज चालणं, फुप्फुसासाठी ते तीन चेंडूंचं यंत्र ओढण्याचा सराव, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगणं. यातलं एकही काम मोठं नाही, पण ते घरात कुणीतरी रोज करून घ्यावं लागतं.

विचारायचं कुणाला

आमच्या घरात दोन मतं होती. भाईजान कतारला असतात. ते आणि चाचा म्हणत होते, अम्मीला कळलं तर ती हाय खाईल, आपणच सही करून टाकू. आपा सांगलीत दिलेली आहे, ती ऐकेना. तिचं म्हणणं असं की चार पोरं वाढवलेल्या, अब्बांच्या मागे दुकानाचं कर्ज फेडलेल्या बाईला आपण लहान मूल समजू लागलो आहोत. माझंही मत तिच्याच बाजूने होतं. पण खरं काम अम्मीनेच केलं. ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "मेरेकू वहीच हुआ ना फिरसे? सीधा बोल." पहिल्या वेळच्या रेडिएशनच्या खोल्या, बाहेरच्या पाट्या, बरोबरचे रुग्ण, तिने सगळं पाहिलेलं होतं. लपवण्यासारखं तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं.

मग ती डॉक्टरांसमोर बसली आणि तिने स्वतः प्रश्न विचारले. मला तोंडाने खाता येईल का? कुराणची तिलावत करता येईल का? घर विकावं लागेल का? सर्जननी आडपडदा ठेवला नाही. मऊ अन्न तोंडाने जाईल, पण वेळ लागेल. आवाज राहील, पण शब्द अस्पष्ट होतील, लोकांना समजायला जड जाईल. त्यावर अम्मी म्हणाली, "अल्लाह तो समझता. तुमे लोगां सीख लेव." आणि तिने दोन अटी घातल्या. घरावर कर्ज काढायचं नाही. आणि यानंतर पुन्हा उलटला तर तिला विचारल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही.

आमच्यापैकी कुणी तिच्यासाठी निर्णय घेतला असता तर हे तीन प्रश्न कुणालाच सुचले नसते. मी पाच वर्षं जगण्याची टक्केवारी विचारली असती. भाईजाननी खर्च विचारला असता. तिलावतीचं कुणाच्या मनातही आलं नसतं. आयुष्यात काय राखायचं आहे हे ज्याचं त्यालाच माहीत असतं, म्हणून विचारावं लागतं.

कायदाही हेच सांगतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं की सज्ञान, शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या बदली दुसऱ्याची संमती चालत नाही. त्या प्रकरणात भूल दिलेल्या मुलीच्या वतीने आईने संमती दिली होती, आणि जीव धोक्यात नसताना घेतलेली अशी संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. आपल्याकडे हे उलट्या दिशेने रोज घडतं. आई शुद्धीवर असते, शेजारच्या खुर्चीत बसलेली असते, आणि कागद मुलापुढे सरकवला जातो. रुग्ण बाई असेल, त्यातून कमी शिकलेली असेल, तर डॉक्टर तिच्याकडे न बघताच 'बरोबर कोण आलंय?' असं विचारतात. अशा वेळी मुलाने कागद अम्मीकडे सरकवावा आणि डॉक्टरांना विनंती करावी की तिच्याशी बोला, मी मध्ये भाषेला मदत करतो. घरची बोली दखनी, डॉक्टरचं मराठी इंग्रजीमिश्रित. मधला पूल आपणच असतो, म्हणून त्या पुलावरून खरं तेवढंच जाऊ द्यायची जबाबदारीही आपली.

काही जण म्हणतील, प्रत्येकाची हिंमत सारखी नसते. बरोबर आहे. सगळं एका दमात सांगायलाच हवं असंही नाही. आधी विचारता येतं: "डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं ऐकायचंय, की मोटामोटी सांगू?" एखादी अम्मी म्हणेल, "मला नको सांगू, तुम्हीच ठरवा." तर तेही तिनेच ठरवलेलं असतं, आणि त्याचा मान ठेवावा. फक्त तिला तसं म्हणण्याची संधी मिळायला हवी.

आणि उत्तर 'नको' असंही येऊ शकतं. आजार मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला असेल, पूर्ण निघण्याची शक्यता कमी असेल, अंगात ताकद नसेल, तर नको म्हणणारा माणूस हिंमत हरलेला नसतो. आपल्याकडे लगेच 'इलाज सोडणं गुनाह आहे' असं सुनावणारे भेटतात. इलाज घ्यावा ही शिकवण आहेच. पण ज्या इलाजाच्या गुणाची खात्री नाही तो घेतलाच पाहिजे अशी सक्ती बहुतेक आलिम सांगत नाहीत. ऑपरेशन नको म्हटल्यावर सगळं संपतही नाही. औषधांचे काही पर्याय असतात, निवडक रुग्णांना पुन्हा रेडिएशन देता येतं. दुखणं, जखम, श्वास, खाणं यांची काळजी घेणारी वेदनाशामक सेवा असते, तिला डॉक्टर पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घेतल्या तर कॅन्सरचं जीवघेणं दुखणं आटोक्यात येतं. त्याला व्यसन समजून आईला तळमळत ठेवणं ही सेवा नाही. ही सेवा अगदी शेवटी नाही, उलटलेला आजार कळला तेव्हाच विचारून ठेवावी. ऑपरेशन करणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर हे प्रश्न लिहून न्यावेत:

१. ऑपरेशनचा हेतू बरं करणं आहे की त्रास कमी करणं?
२. नेमकं काय काढणार, आणि त्या जागी शरीराच्या कुठल्या भागातलं मांस किंवा हाड लावणार?
३. गळ्याची नळी आणि नाकाची नळी किती दिवस?
४. खाणं आणि बोलणं कितपत परत येईल?
५. ऑपरेशन केलं नाही तर पुढे काय होतं, आणि दुसरे मार्ग कोणते?
६. ही केस सर्जन, रेडिएशनचे आणि औषधांचे डॉक्टर यांनी एकत्र बसून पाहिली आहे का?

मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत शेवटच्या प्रश्नातली बैठक नेहमीची असते, तिला ट्युमर बोर्ड म्हणतात. छोट्या ठिकाणी ती नसेल तर जुने सगळे कागद, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि स्कॅनची सीडी घेऊन दुसरं मत घ्यावं. यात डॉक्टरचा अपमान होत नाही.

जन्नत आणि नळी

आईच्या पायाखाली जन्नत आहे हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. आईबापाला 'उफ्' म्हणायचं नाही हेही पाठ असतं. पण नाकातल्या नळीतून दर दोन-तीन तासांनी खाणं द्यायची वेळ आली की ही जन्नत गुपचूप सुनेकडे किंवा मुलीकडे सरकवली जाते. मुलगे काय करतात? रिपोर्ट आणतात, पैसे भरतात, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतात, बाहेर चहा पितात. रात्री दोन वाजता उठून कफ ओढणारी, नळी धुणारी, उलटी पुसणारी बाईच असते. तिला कुणी विचारतही नाही की तुझी झोप झाली का.

यात शिकण्यासारखं काही अवघड नाही. नर्स दोन वेळा करून दाखवते, तिसऱ्या वेळी आपण करायचं. रुग्णाला उशीला टेकवून बसतं करायचं, नळी जागेवर आहे ना ते नर्सने दाखवल्याप्रमाणे बघायचं, मिक्सरला बारीक करून गाळलेलं खाणं हळूहळू सोडायचं, शेवटी पाणी सोडून नळी साफ करायची आणि अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. खाणं छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो, म्हणून बसतं ठेवणं महत्त्वाचं. डाळ, दूध, अंडं, नाचणीची पेज, यखनी, सगळं गाळून जातं. सर्व्हरचे अलर्ट आले की रात्री तीनला उठणाऱ्या आयटीतल्या पोरांना हे वेळापत्रक न जमण्यासारखं नाही. आमच्याकडे रात्रपाळी मुलग्यांची आणि दिवसपाळी आपा-भाबींची असं कागदावर लिहून भिंतीला लावलं. भाईजान सुट्टी काढून आले आणि महिनाभर राहिले. त्यांच्या पाठवलेल्या पैशांपेक्षा त्या महिन्याचा अम्मीला जास्त आधार वाटला, असं ती स्वतःच सांगते.

आवाज बंद असतानाच्या दिवसांची तयारी आधी करावी. रुग्णाला लिहिता येत असेल तर पाटी. येत नसेल तर चित्रं: पाणी, दुखतंय, थंडी वाजते, कूस बदला, वुजूचं पाणी, घरी कुणाला बोलवा. मी फोनवर चित्रांचं एक छोटं ॲप करून नेलं होतं. अम्मीने ते एकदा पाहिलं आणि बाजूला ठेवलं. तिने स्टीलचा चमचा मागून घेतला. पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवला की पाणी, दोनदा वाजवला की दुखतंय. अख्ख्या वॉर्डला ते दोन दिवसांत पाठ झालं. साधन कुठलंही चालेल, फक्त ते भूल द्यायच्या आधी रुग्णाबरोबर ठरलेलं हवं.

घरी आल्यावरही काम असतं. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा लागतो. फिजिओथेरपिस्ट आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला सांगतात, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट असतात, त्यांची वेळ मागून घ्यावी लागते, आपणहून कुणी देत नाही. रेडिएशन झालेल्या जबड्याचा दात परस्पर गल्लीतल्या दवाखान्यात काढू नये. ते हाड भरून येत नाही, सडू शकतं. नमाज बसून, बसणं जमत नसेल तर पडून इशाऱ्याने होते. आजारी माणसाला रोज्याची सूट आहे. हे अम्मीला आपण सांगितलं तर पटत नाही, मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी येऊन सांगितलं तर पटतं. मग त्यांना घरी बोलवावं.

इयादत आणि पैसा

आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपली फार चांगली रीत आहे. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत पंधरा-वीस जणांनी पलंगाभोवती उभं राहणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. त्यातून "चेहरा किती उतरला", "आमच्या फुफीचंही असंच झालं होतं, गेली बिचारी", "मिश्री लावायची ना, मग होणारच" अशी वाक्यं. ज्या मिश्रीचा डबा घरातल्या प्रत्येक बाईच्या कनवटीला होता, तिचा ठपका एकटीवर कशाला? दोन मिनिटं बसावं, दुआ करावी, उठताना विचारावं की उद्या डबा आणू का, रात्री थांबू का. इयादत अशी झाली तर घरच्यांना हात मिळतो. आणि अम्मीने आरसा मागितला तर द्यावा, लग्नाला यायचं म्हटलं तर न्यावं. चेहरा बदलला म्हणून माणसं घरात कोंडून घेतात, आणि घरचेही सोईचं म्हणून ते चालू देतात.

पैशाची भीती खरी आहे. पण घर गहाण टाकण्याआधी चार दारं ठोठवावीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची अनेक ऑपरेशनं, रेडिएशन आणि किमोथेरपी येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन दाखल होण्याआधीच तिथे जावं, कारण मंजुरी आधी लागते. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली आहे. मोठमोठी पंचतारांकित वाटणारी रुग्णालयंही यात येतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून लेखी मागणी करावी. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, कॅन्सर रुग्णाला रेल्वेत सवलत आहे. ही माहिती मोहल्ल्यातल्या चार शिकलेल्या पोरांनी नीट समजून घेतली, तर मशिदीत चादर पसरून वर्गणी गोळा करायची वेळ निम्म्या वेळा येणार नाही. आणि बैतुलमालच्या जकातीतून रुग्णाच्या नातेवाइकाचं मुंबईत राहण्याचं भाडं निघालं, तर तो त्या पैशाचा चांगला उपयोग आहे.

उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवा, ही शिकवण आपल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आपण मात्र कधी नुसत्या भरोशावर बसतो, तर कधी दुसऱ्याचा उंट त्याला न विचारता बांधून मोकळे होतो. अम्मीच्या ऑपरेशनला आता चौदा महिने झाले. तिचे शब्द अस्पष्ट आहेत, आम्ही ते शिकून घेतले आहेत. खिमट आणि शिरखुर्मा तोंडाने खाते. पुढचं अल्लाहला माहीत, पण इथवर जे झालं ते तिच्या मर्जीने झालं.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आलेला असेल, तर आज रात्री दोन कामं करा. फोन बाजूला ठेवून अम्मी-अब्बांजवळ बसा आणि विचारा: तुम्हाला काय माहीत आहे, काय माहीत करून घ्यायचं आहे, आणि काय गमवायचं नाही. मग त्यांची उत्तरं वहीत लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. आणि तुमच्या घरात अजून काही झालेलं नसेल, तर टॉर्च घेऊन घरातल्या मिश्री, तंबाखू, सुपारीवाल्यांचं तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, तोंड उघडायला त्रास, यातलं काही दिसलं तर याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लवकर सापडलेल्या आजारात निर्णय सोपे असतात.